बाई ओरडतात, तीन तारे

१२ जानेवारी

आत्या,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तेलाच्या डब्याखाली सरकवलं असशील, तर कृपा करून डाग पडायच्या आत काढ. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. मी सारखी आजारी पडायचे म्हणून आठव्या वर्षापर्यंत मला कुणी शाळेत घातलं नाही. तेव्हा तुझ्या मशीन दुरुस्तीच्या दुकानात, काळ्या कापडाच्या तुकड्यावर, शिवणकामाच्या खडूने तू मला लिहायला शिकवलंस आणि बॉबिन हे नावही तिथेच ठेवलंस. निदान चुका काढायला तरी तू माझं पत्र उघडशील, असा माझा अंदाज आहे.

नोकरीला आठ महिने झाले. मी बरी आहे. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते आणि ती भरून वाहायला लागली की आमच्याकडचं कुणीतरी फोन करून त्यांना सांगतं. एवढा शेजारधर्म आहे.

तू बाबांना विचारलंस म्हणे, "ती दिवसभर खुर्चीत बसून नेमकं करते काय?" बाबांना सांगता आलं नाही. मी सांगते. समज, कोपऱ्यावर एक माणूस उभा आहे आणि त्याला सगळ्या दुकानांची नावं तोंडपाठ आहेत. कुणी विचारलं, "शिलाई मशीन कुठे दुरुस्त होईल?" की तो भराभर पन्नास नावं सांगतो. पण विचारणारा तिसऱ्या नावालाच चालायला लागतो, बाकीची सत्तेचाळीस वाऱ्यावर. त्या माणसाच्या तोंडी आपलं नाव आधी यावं, हे बघणं म्हणजे आमचं काम. त्यासाठी दुकानाची वेळ बरोबर लिहायची, फोटो खरा लावायचा आणि लोक जे विचारतात त्याचं सरळ उत्तर लिहायचं. काही जण एकाच परिच्छेदात 'शिलाई मशीन दुरुस्ती' अकरा वेळा लिहितात. तू वाचलंस तर म्हणशील, एवढ्या हाका मारायला मी काय बहिरी आहे? तो कोपऱ्यावरचा माणूसही आता तसंच म्हणतो.

दुसरं काम नावलौकिक सांभाळायचं. आपण चहा ठेवायला आत गेल्यावर बाहेर बसलेले लोक आपल्याबद्दल जे बोलतात, ते आता सगळं लिहून ठेवलेलं असतं. ते कसं दिसतंय याच्यावर लक्ष ठेवायचं.

तर मुद्दा. बेकरीवाले काका स्वतःच्या बेकरीचं नाव इंटरनेटवर शोधत होते आणि शेजारचं दुकान म्हणून तुझं नाव वर आलं, असं बाबांकडून कळलं. त्याखाली सगळ्यात वर जे आहे, तेही त्यांनी तुला वाचून दाखवलं. मीही ते पाहिलं आहे. असं आहे:

"मशीन अगदी नव्यासारखं चालतं. पट्टा बदलला, टाका एकसारखा पडतो. कामाला पाच तारे. पण दुकानातल्या बाई ओरडतात. मला रडू आलं. म्हणून तीन तारे. एक ग्राहक."

तू चिडली आहेस हे कळलं. पण आत्या, कामाचं किती बारकाईने कौतुक केलंय तेही बघ ना. मला तर लिहिणारं माणूस मुळात प्रेमळ वाटतं. तू मनावर घेऊ नकोस. अशा गोष्टींवर उपाय असतात आणि माझा तर तो धंदाच आहे.

तुझी, अजून असेन तर,
बॉबिन


२१ जानेवारी

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही, पण तुझा निरोप आला. बाबांचा फोन होता. ते बेकरीतूनच बोलत होते, कारण मागे काका कुणाला तरी बटर मोजून देत होते.

"तुझी आत्या म्हणते, त्या ग्राहकाचं नाव शोधून दे."

"कशाला?"

"घरी जाऊन माफी मागणार आहे."

"आत्या? माफी?"

"मी पण असाच दचकलो. वर म्हणाली, त्या पोरीला एवढं ऑफिस दिलंय तर एवढं तरी जमू दे."

आत्या, तसं नाव कळत नाही. नियमच आहे तसा. मी खोटं बोलत नाहीये. नियम खरंच तसा आहे.

मग फोन काकांनी घेतला आणि बाकीचं सांगितलं. तू म्हणे गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं आहेस आणि पहिल्या पानापासून एकेका बाईला फोन लावते आहेस. काकांनी मला आवाज काढून दाखवला:

"दुकानातून बोलतेय. तुम्ही माझ्याकडे रडला होतात का?"

"मी? नाही हो."

"आठवून सांगा."

"नाही हो बाई! ओरडू नका ना!"

"मी ओरडत नाहीये!"

म्हणे हे वाक्य तू इतक्या मोठ्याने म्हणालीस की बेकरीतल्या रांगेतल्या दोघी पाव न घेताच पुढे सरकल्या. आणि बँकेतल्या त्या बाई म्हणाल्या, "रडले होते, पण तुमच्यामुळे नाही, घरी पाहुणे येणार होते म्हणून." सोमवारपर्यंत एकोणीस फोन झाले होते. एकोणीस! मला ऐकून हसू आलं. आत्या, थांब ना आता. एका ओळीसाठी एवढं कशाला? त्या ग्राहकाला आता बरं वाटत असेल. नक्की वाटत असेल.

मी आमच्या मॅडमना विचारलं. आम्ही त्यांना आपापसात 'पहिलं पान' म्हणतो, कारण कुठल्याही वाक्याचा शेवट त्या तिथेच करतात. त्या म्हणाल्या, "अगं सोप्पं आहे. वीसेक छान अभिप्राय लिही, वेगवेगळ्या नावांनी. ती ओळ बुडते खाली आणि तुझी आत्या पहिल्या पानावर हसत उभी!"

मी म्हटलं, "पण ते लिहिणार कोण?"

"तूच. तुझ्याइतकं नीट कोण लिहितं इथे?"

मी बसले लिहायला. खरंच बसले. पहिलं वाक्य लिहिलं: "दुकानातल्या बाई अत्यंत मृदुभाषी आहेत." आणि स्वतःशीच एवढी हसले की शेजारच्या टेबलावरून पाण्याची बाटली आली. तुला एकदा भेटलेला माणूससुद्धा त्यावर विश्वास ठेवणार नाही. पुसून टाकलं. दुसरं लिहिलं: "अतिशय धीराने समजावून सांगतात." तेही पुसलं. तिसऱ्यांदा हात कीबोर्डवर ठेवला तेव्हा मला तुझी चिंधी आठवली.

तू दुरुस्तीला आलेल्या मशीनवर आधी एक टाका मारून घेतेस, बिघडलेलाच. मग दुरुस्ती करून त्याच चिंधीवर शेजारी दुसरा. आणि ती चिंधी मशीनला बांधून देतेस. मी सात वर्षांची असताना एकदा, छान दिसावं म्हणून, कात्रीने वाईट टाक्याचा भाग कापून टाकला होता. तू ओरडली होतीस, "आधीचा टाका काढलास तर मी सुधारलं काय ते तिला दिसणार कसं?"

म्हणून मी वीस काय, एकही लिहिला नाही. मॅडमना सांगितलं की मला जमत नाही. त्या म्हणाल्या, "जमत नाही की करायचं नाही?" मी म्हटलं, दोन्ही. त्या रागावल्या नाहीत. फक्त चष्मा पुसत राहिल्या, आणि तेच मला जास्त लागलं.

एक सांगते. मी ते पान आता उघडतच नाही. मी उघडून बघितलं की ते आणखी वर जाईल अशी मला भीती वाटते. एकट्या माझ्या बघण्याने फरक पडत नाही हे मी स्वतःच गिऱ्हाइकांना समजावते, पण मनाचं काय करायचं.

फोन करणं थांबव, आत्या.

तुझी,
बॉबिन


३० जानेवारी

आत्या,

हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे. हे पाचवं. आता सरळ लिहिते, म्हणजे हात थांबायच्या आत होईल.

तो ग्राहक मी आहे.

खुर्चीत बसली आहेस ना? सुई वर घेतलेली आहे ना? बरं. आता पुढचं.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवणीच होती. मॅडम म्हणाल्या, प्रत्येकाने माहीत असलेल्या एका दुकानाबद्दल अभिप्राय लिहा, खरा लिहा, आणि तो लोकांना सापडेल असा लिहा. सगळ्यांनी हॉटेलं घेतली. मला एकच दुकान आतून-बाहेरून माहीत होतं. मी तुझं घेतलं.

खरा लिहा म्हणाल्या, म्हणून मी खरा लिहिला. तुझ्या भाचीने असं लिहावं की नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. मला पडला तो भलताच प्रश्न: मी ग्राहक म्हणवून घेऊ शकते का? त्यावर मी दोन दिवस विचार केला. शेवटी आठवलं की मी माझं मशीन तुझ्याकडे आणलं होतं, तू पट्टा बदललास, तेल घातलंस, चिंधी बांधलीस आणि रागाच्या भरात मला पावतीही फाडून दिलीस. पावती आहे म्हणजे ग्राहक आहे. तेव्हा मला हे अगदी बिनचूक वाटलं होतं.

बाई कधी ओरडल्या, तेही तुला माहीत आहे. त्याच दिवशी. मशीनचं झाकण उघडं होतं आणि मी म्हटलं, "आत्या, मला ऑफिसात नोकरी लागली." तू पाना हातातून खाली ठेवलाही नाहीस. म्हणालीस, "जा की मग. स्टूल मोकळं होईल." तुझ्या शेजारचं, लहानपणापासूनचं माझं स्टूल. आणि मग पट्टा, तेल, माझा हलगर्जीपणा, बाबांचा लाड, सगळ्यावर ओरडलीस. मी बसस्टॉपवर रडले. दुकानात नाही. म्हणजे बघ, अभिप्रायात तेवढं सांगायचं राहिलंच.

त्या लिखाणाला शाबासकी मिळाली. मी त्यासोबत दुकानाचा पत्ता नीट घातला, मशीनचे भाग लोक ज्या शब्दांत शोधतात त्याच शब्दांत लिहिले, तुझ्या चिंधीचा फोटो लावला. मॅडमनी सगळ्यांना दाखवलं, "असं लिहायचं!" आणि ते महिन्यामहिन्याने एकेक पायरी वर चढत गेलं, कारण मी ते तू शिकवलेल्या पद्धतीने, एकही टाका न सोडता केलं होतं. वाईट केलं असतं तर आज कुणाला सापडलंही नसतं.

पहिल्या पत्रात मी 'लिहिणारं माणूस प्रेमळ वाटतं' असं लिहिलं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. स्वतःलाच प्रमाणपत्र. आणि दुसऱ्या पत्रात मी खोटं बोलत नाही असं म्हटलं. नियम खरा होता. मी खरी नव्हते.

आता तू ठरव. ती ओळ माझी आहे, म्हणून मला एका बटणाने काढता येते. तू म्हणशील त्या क्षणी काढते. पण माझं मत विचारशील, आणि या कामाबद्दल मला आता थोडं मत आहे, तर ते असं: लोक वाईट ओळ वाचून जात नाहीत, वाईट ओळीखाली कुणीच काही बोललं नाही हे बघून जातात. नुसते पाच-पाच तारे असलेल्या दुकानाकडे मी स्वतः संशयाने बघते. एवढी माणसं, आणि एकाचाही कधी मूड गेला नाही? नाव सांभाळायचं म्हणजे डाग दिसू नये म्हणून त्यावर खुर्ची ठेवणं नव्हे. पण हे सगळं दुसऱ्याच्या दुकानाबद्दल बोलायला सोपं आहे. तुझ्या दुकानाबद्दल बोलायचा हक्क मी घालवला आहे.

फोन मात्र आता खरंच थांबव. जिला शोधते आहेस ती सापडली.

बॉबिन


४ फेब्रुवारी

आत्या!

आज सकाळी मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. मला वाटलं, आता काढून टाकतात. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "ही तुझी आत्या?"

मी डोळे मिटले. म्हटलं, "मी ते पान उघडत नाही."

"मी उघडलंय. तू फक्त वाच."

तुझं उत्तर होतं. माझ्या ओळीच्या अगदी खाली, दुकानाच्या नावाने. मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की न बघता लिहिते:

"ग्राहक बाई, मशीन नीट चालतंय हे वाचून बरं वाटलं. मी ओरडले हे खरं आहे. त्या दिवशी माझं स्टूल रिकामं होणार होतं, ते मशीनवर काढलं आणि मशीनवालीवर काढलं. पट्ट्याची चूक नव्हती. आता सांगा, महिन्याला तेल घालता का? घालत नसाल तर पुन्हा ओरडेन. मशीन दाखवायला घेऊन या. रविवारी दुकान बंद असतं, तरी या."

मॅडम म्हणाल्या, "अशी उत्तरं लिहायला मी माणसं नेमते आणि ती महिनाभर घोळ घालतात. हिला विचार, शिकवायला येईल का?"

मी तारीख बघितली. एकोणतीस जानेवारी. मी पत्र लिहिलं तीस तारखेला. म्हणजे माझी कबुली तुझ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच, मी ती लिहायलाही बसायच्या आधी, तुला कळलेलं होतं.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, रजिस्टर संपलं ना. सगळ्या बायका नाही म्हणाल्या. एकच नाव राहिलं. 'बॉबिन, पट्टा, तेल.' त्या नावाला तिने फोन नाही लावला. रजिस्टर मिटून ठेवलं, म्हणे. मग काकांना हाक मारली, म्हणाली, तुमचा तो फोन आणा आणि मी सांगते ते लिहा, मधे शहाणपणा करू नका."

काकांनी शहाणपणा केला होता, हे पण बाबांनी सांगितलं. शेवटी हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. तू ते काढायला लावलंस.

मी रविवारी येते. मशीन जड आहे, पण आणते. तेल मी घातलेलं नाही. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तुला तयारीला वेळ मिळेल.

बॉबिन


१२ फेब्रुवारी

आत्या,

समोर बसून एवढं बोललो तरी तू निघताना म्हणालीस, "पत्रं थांबवू नकोस, तोंडाने तू निम्मं गिळतेस." म्हणून हे.

रविवारी दुकान बंद होतं तरी शटर अर्धं वर होतं, आणि आत शिरताना माझं डोकं आपटलं तेव्हा तुझा पहिला शब्द "वाकायचं कळत नाही?" हा होता. मला एवढं बरं वाटलं. मशीनचं झाकण काढून तू आतला धाग्यांचा भुसा बघितलास आणि जे सुरू झालीस ते काका बेकरीतून बघायला आले. म्हणाले, "भेट झाली वाटतं." तू त्यांच्यावरही ओरडलीस. मग चहा केलास. मग म्हणालीस, "ओळ काढायची नाही." मी म्हटलं, "पण आत्या, सगळे वाचतात." तू म्हणालीस, "वाचू देत. आधीचा टाका आहे तो."

तू तुझं ते तत्त्व मला ऐकवलंस जसं काही मी पहिल्यांदाच ऐकतेय.

बातमी अशी की ती ओळ वाचून एका शिवणक्लासच्या बाईंनी ऑफिसातही फोन केला होता. तुझ्याकडे आधी केला, मग तू त्यांना माझा नंबर दिलास, कारण 'इंटरनेटचं ते बॉबिन बघते'. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बावीस मशिनी आहेत आणि एकही मुलगी तेल घालत नाही. गोड बोलणारे तीन मेकॅनिक झाले. आम्हाला ओरडणारीच हवी आहे. त्या नक्की ओरडतात ना? की नुसतं लिहिलंय?" मी म्हटलं, "बाई, त्याची मी खात्री देते." आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या दुकानाबद्दल इतक्या निर्धास्तपणे काही सांगितलं असेल.

मॅडमना मी सांगितलं आहे की खोटे अभिप्राय मी लिहिणार नाही, उत्तरं लिहीन. दुकानदारांना फोन करून विचारीन, त्या दिवशी काय झालं होतं, आणि तेच लिहीन. त्या म्हणाल्या, "महिनाभर करून बघ. पहिल्या पानावर आलं तर बघू." शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते. ते तुला बोलले नाही, लिहिते आहे: स्टूलवरचं पट्ट्यांचं भेंडोळं तू चहा आणायच्या आधी उचलून खिळ्याला अडकवलंस, ते मी पाहिलं होतं.

आता शेवटचं. तू म्हणालीस, तिनाचे पाच करू नकोस, लोकांना वाटेल मी धमकावलं. मलाही करायचे नव्हते. पण शेजारी नवा टाका मारल्याशिवाय चिंधी पुरी होत नाही, म्हणून काल मी ते पान उघडलं, स्वतःच्या हाताने, आणि माझ्या ओळीखाली लिहिलं:

"तेच मशीन घेऊन पुन्हा गेले. बाई पुन्हा ओरडल्या. तेल का घातलं नाही म्हणून, जेवून का आली नाहीस म्हणून, आणि आठ महिने कुठे होतीस म्हणून. पुन्हा रडू आलं, या वेळी दुकानातच. तारे तीनच ठेवते. या रडण्याचे किती द्यायचे ते मला ठरवता आलं नाही."

शनिवारी येते. वाकून येईन.

तुझी,
बॉबिन